तक्त्यातून सोनंच गायब की हो

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थ्यांच्या पुरवणीत मधल्या पानावर आवर्तसारणीचा रंगीत तक्ता आला होता. कापून भिंतीवर लावा असं वर लिहिलं होतं आणि मथळा होता ११८ मूलद्रव्ये एका नजरेत. माझी नात नववीत आहे, तिने कात्री आणली, टेप आणला, बैठकीच्या भिंतीवर लावला पण आणि मग बोटाने एकेक घर मोजत बसली, पोरीला सवयच आहे तशी, किराणावाल्याने दिलेले सुट्टे पैसे सुद्धा दोनदा मोजते. मोजून झाल्यावर म्हणते, आबा, हे तर ५० च आहेत.

मी म्हटलं चुकली असशील. चष्मा लावून मी मोजले. पन्नासच! खाली मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, जागेअभावी मधला भाग वगळला आहे. म्हणजे डावीकडचे दोन उभे रकाने ठेवले, उजवीकडचे सहा ठेवले आणि मधले दहाच्या दहा उडवून दोन्ही टोकं एकमेकाला चिकटवून दिली, कॅल्शियमच्या बाजूला डायरेक्ट गॅलियम, २० च्या नंतर एकदम ३१. खाली २८ जणांच्या दोन वेगळ्या ओळी असतात त्या पण गेल्या, पण त्यांचं मला तेवढं वाईट नाही वाटलं, खरं सांगतो. मधले ४० गेले, पुस्तकात ज्यांना संक्रमण मूलद्रव्यं म्हणतात ते, त्याचं वाटलं. लोखंड गेलं, तांबं गेलं, निकेल, क्रोमियम, चांदी, पारा, प्लॅटिनम सगळे गेले. साहेब, तुम्ही रोज सोन्याचा भाव छापता आणि तक्त्यातून सोनंच गायब? इतवारीच्या सराफा बाजारात कोणी हा तक्ता लावला तर गिऱ्हाईक हसेल.

मी काही प्रोफेसर वगैरे नाही. इथल्याच एका ज्युनियर कॉलेजात ३२ वर्षं केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो, पोट्टे मला मामा म्हणायचे, फेब्रुवारीत प्रॅक्टिकल आलं की जास्तच प्रेमाने म्हणायचे, मामा सांगा ना कोणतं सॉल्ट आहे. म्हणून जे लिहून राहिलो ते पुस्तकातलं कमी आणि कपाटातलं जास्त आहे असं समजा.

तर कपाटाचंच सांगतो. एका पावसाळ्यात लॅबच्या स्लॅबमधून पाणी गळलं, रात्रभर गळलं असेल, सकाळी येऊन बघतो तर सॉल्टच्या कपाटात पाणी आणि बाटल्यांची लेबलं निघून खाली लगदा झालेली. साठ-सत्तर बाटल्या असतील. सरांनी डोक्याला हात लावला. मी बाटल्या टेबलावर मांडल्या आणि दोन गट केले, रंगीत आणि पांढऱ्या. रंगीत गटाला मला दहा मिनिटं लागली. निळं ते मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, पोपटी हिरवं ते निकेल, लाल-गुलाबी ते कोबाल्ट, काचेसारखे फिके हिरवे खडे ते हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, पिवळट तपकिरी ओलसर ढेकळं ते फेरिक क्लोराईड, गडद जांभळा तो क्रोम अलम, आणि एक अगदीच फिक्कं गुलाबी, पांढऱ्या कागदावर ठेवल्याशिवाय गुलाबी आहे हे कळणारच नाही असं, ते मँगनीज सल्फेट. पांढऱ्या गटाला पंधरा दिवस लागले. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, अ‍ॅल्युमिनियम, सगळे मिठासारखे दिसतात, एकेकाची टेस्ट घेत बसलो, ज्वालेचा रंग बघ, साका काढ, गाळ, परत कर.

आता गंमत बघा. रंगीत गटातले सगळेच्या सगळे तुम्ही कापलेल्या पट्टीतले होते. आणि पांढऱ्या गटातले सगळे तुम्ही ठेवलेल्या पन्नासातले. एकच सोडून, जस्त. झिंक त्या पट्टीतच बसतो, अगदी उजव्या काठाला, ३० नंबर, पण बाटली मात्र पांढऱ्यांत. तो सापडला कसा तर झिंक कार्बोनेट परीक्षानळीत तापवलं की पिवळं होतं आणि गार झालं की परत पांढरं, ज्यांनी बारावीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना आठवेल. हा जस्त त्या पट्टीत राहून पट्टीतल्यासारखा काहून वागत नाही, हे मला सरांनी तेव्हा समजावलं, तेच आता नातीला सांगितलं, माझ्या पद्धतीने.

शाळेत पोरं पहिली वीस मूलद्रव्यं पाठ करतात. हायड्रोजन ते कॅल्शियम. इलेक्ट्रॉनची मांडणी पण वीसपर्यंतच, कॅल्शियम २, ८, ८, २, संपलं. माझी नात ती वीस नावं एका दमात म्हणते, बडबडगीतासारखी. आणि ही गाडी नेमकी कुठे थांबते तर २१ नंबरच्या स्टेशनाच्या अलीकडे. २१ स्कँडियम, तिथूनच ही मधली पट्टी सुरू होते. वीसवर थांबायचं कारण आहे, मास्तर लोकांचा आळस नाही तो. वीसपर्यंत हिशोब सोपा आहे, नवा इलेक्ट्रॉन आला की सगळ्यात बाहेरच्या कवचात बसतो. एकविसावा तसं करत नाही. तो आत जातो. स्कँडियम २, ८, ९, २. बाहेर दोनच आणि आतल्या आठाचे नऊ झाले. पोरांनी तोपर्यंत शिकलेला नियम इथे मोडतो, म्हणून पुस्तक तिथे थांबतं, पण थांबलो तर पोरांना वाटतं की दुनिया वीसातच संपली.

नातीला मी वाडा सांगितला. माझं लहानपण नागपूरच्या महाल भागातल्या एका वाड्यात गेलं, बाहेर ओसरी, आत माजघर. कॅल्शियमच्या घरी काय झालं तर माजघरात घरचे ८ जण आहेत आणि ओसरीवर दोन पाहुणे बसले आहेत. आता नवीन पाहुणा आला की तो ओसरीवर बसत नाही, दोघांच्या मधून वाट काढून माजघरात जातो, तिथे पाच जास्तीच्या खाटा टाकल्या आहेत, एका खाटेवर दोघं झोपू शकतात म्हणजे दहा जणांची सोय. एक आला स्कँडियम, दोन आले टिटॅनियम, मग व्हॅनेडियम, क्रोमियम, मँगनीज, लोखंड, कोबाल्ट, निकेल, तांबं, आणि दहा झाले की जस्त. पट्टी दहाच रकान्यांची असते ती एवढ्याचसाठी, खाटा पाच म्हणून. रस्त्यावरून बघणाऱ्याला सगळीकडे ओसरीवर दोघंच दिसतात त्यामुळे हे दहाही जण बरेचसे एकसारखे, टणक, चकचकीत, ठोकले तर वाकणारे, वीज वाहणारे. क्रोमियम आणि तांब्याच्या घरी ओसरीवरचा एक उठून आत जातो, माजघर अर्धं किंवा पूर्ण भरल्याचा आनंद म्हणा, तो अपवाद आहे, नातीला नंतर सांगेन.

घरातून कोणी जायचं झालं तर ओसरीवरचे आधी जातात, मागाहून आलेले नाही. लोखंड २, ८, १४, २ आहे, बाहेरचे दोघं गेले की फेरस, हिराकसातला तो फिका हिरवा. आणि माजघरातला एक पण निघाला की फेरिक, गंजाचा तपकिरी. सोडियम आयुष्यभर एकच इलेक्ट्रॉन देतो, कॅल्शियम दोन, त्यांचं ठरलेलं आहे. या पट्टीतले मात्र माणूस बघून व्यवहार करतात, कोणाला दोन, कोणाला तीन, मँगनीज तर दोनपासून सातपर्यंत जातो.

रंग पण त्या खाटांमुळेच. पाण्याचे सहा रेणू धातूच्या भोवती येऊन बसले की पाच खाटा एका उंचीवर राहत नाहीत, तीन खाली राहतात, दोन वर उचलल्या जातात. उजेड पडला की खालचा एखादा वरच्या खाटेवर उडी मारतो, त्या उडीत उजेडातला थोडा रंग खर्च होतो, आणि जो उरतो तो आपल्याला दिसतो. मोरचूद तवीत तापवा, पाणी उडून जातं, निळ्याचं पांढरं पीठ होतं. खाटांमधलं अंतर कमी होतं आणि डोळ्याला दिसणारा उजेड त्या उडीत खपतच नाही. ड्रॉपरने एक थेंब पाणी टाका, चर्र आवाज येऊन तेवढंच टिपकं निळं होतं. ३२ वर्षांत हे मी किती वेळा केलं असेल, पण दर वेळी बघत उभा राहायचो.

आता जस्ताचं. ओसरीवरचे दोघं गेले तरी माजघरात पाचही खाटांवर दोन-दोन झोपलेले, उडी मारायला जागा कुठाय? म्हणून पांढरा. आणि माजघरातला एकही बाहेर येत नाही म्हणून फक्त दोन देतो, कॅल्शियमसारखाच. आयुपॅक म्हणून रसायनशास्त्राची जागतिक संस्था आहे, तिची व्याख्या अशी की ज्याच्या अणूत किंवा अणूपासून बनणाऱ्या धन आयनात हे डी कवच, म्हणजे आपल्या त्या पाच खाटा, अर्धवट भरलेलं असेल तोच खरा संक्रमण धातू. त्या हिशोबाने जस्त, कॅडमियम, पारा हे तिघं पट्टीत राहतात पण त्या जातीचे नाहीत. उलट स्कँडियमची संयुगं पण पांढरीच, पण त्याच्या जास्तीच्या खाटा रिकाम्या होतात म्हणून, आणि अणूत एक इलेक्ट्रॉन आहे म्हणून त्याला पास केलंय. बरीच पुस्तकं तिघांनाही आतच मोजतात, त्यावरून वाद होतात, होऊ द्या. पट्टीच्या डाव्या काठाला पण भांडण आहेच, तिसऱ्या रकान्यात खाली लॅन्थॅनम बसवायचा की ल्युटेशियम. आयुपॅकच्या समितीने २०२१ मध्ये ल्युटेशियमच्या बाजूने कौल दिला, तो पण तात्पुरत्या अहवालात. तुम्ही दोन्ही काठांचं भांडण मिटवायला पट्टीच काढून टाकली असेल तर गोष्ट वेगळी.

मँगनीज एवढं फिक्कं काहून हे नातीनेच विचारलं. दोघं गेल्यावर जास्तीच्या खाटांवर पाच जण उरतात, पाच खाटा, प्रत्येक जण आपापल्या खाटेवर एकटा, ऐसपैस. कोणी हलायला मागत नाही, सगळ्यांची तोंडं एकीकडे, उडी मारायची तर तोंड फिरवून दुसऱ्याच्या खाटेवर जावं लागतं, ते सहसा होत नाही, म्हणून रंग नावालाच. पण याच मँगनीजचं परमँगनेट बघा, चिमूटभर बादलीत टाकलं की पाणी जांभळं. तिथे सातही गेलेले असतात, त्या खाटांवर चिटपाखरू नाही, तरी रंग, कारण शेजारच्या ऑक्सिजनच्या घरातला इलेक्ट्रॉन रिकाम्या खाटेवर उडी मारतो. हे सांगितल्यावर नात म्हणाली, म्हणजे आबा दुसऱ्याच्या घरात घुसतो का तो. म्हटलं हो, आणि सगळ्यात भारी रंग पण तोच देतो.

तुमच्या पुरवणीत तक्त्याच्या खाली चार ओळींत 'संक्रमण मूलद्रव्यांचा' नुसता उल्लेख होता. आमच्या शेजारच्या काकूंनी वाचून विचारलं, हे कोरोनासारखं पसरतं का? चूक त्यांची नाही, संक्रमण म्हटलं की आता माणसाला मास्कच आठवतो. इथे संक्रमणाचा अर्थ मकर संक्रांतीतला आहे, एका राशीतून दुसऱ्या राशीत जाणं. चार्ल्स बरी नावाच्या इंग्रज माणसाने १९२१ मध्ये या ओळींना हे नाव लावलं, आतलं कवच ८ वरून १८ वर जातं ती मधली वाट, या अर्थाने. एवढं एका ओळीत छापलं असतं तरी काकूंचा जीव भांड्यात पडला असता.

आमच्या लॅबमध्ये जुना एक कापडी तक्ता होता, मेंडेलीव्हच्या पद्धतीचा, आठ गणांचा. त्याने १८६९ मध्ये सारणी मांडली, १८७१ मध्ये आठ गणांत बसवली, तेव्हा इलेक्ट्रॉन कोणाला माहीतच नव्हता, त्यामुळे ही दहा रकान्यांची पट्टी त्याला वेगळी ठेवता आली नाही, आठांतच कोंबावी लागली. मँगनीज क्लोरीनच्या पंगतीला बसवला, क्रोमियम गंधकाच्या, आणि लोखंड, कोबाल्ट, निकेल एकाच घरात तिघं, रिझर्व्हेशन नसलेल्या डब्यासारखे. पण तरी कोंबले, कापले नाहीत! उलट जे सापडलंच नव्हतं त्याला पण जागा ठेवली, आत्ता ज्याचं एवढं बोललो तो स्कँडियम त्याने आधीच एकाबोरॉन म्हणून सांगून ठेवला होता, तो १८७९ मध्ये स्वीडनमध्ये निल्सनला सापडला. आणि कोबाल्ट-निकेलची भानगड तर दहावीच्या पोरांना पण शिकवतात, कोबाल्टचं वजन ५८.९३, निकेलचं ५८.६९, मग हलका निकेल मागे काहून? मोझली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये एक्स-रे घेऊन दाखवलं की क्रम वजनावर नाही, अणुअंकावर आहे, २७ आणि २८. बस.

हे सगळं परगावचं झालं. आता आपल्या गावाचं, ज्यासाठी मुळात लिहायला बसलो. ही पट्टी कोणी पुण्या-मुंबईच्या पेपरने कापली असती तर मी पत्र लिहिलं नसतं. नागपूरच्या माणसाने कापायची म्हणजे हद्द झाली, आपण त्या पट्टीवरच तर बसलो आहोत. रामटेकला जाताना मनसर लागतं, तिथे मँगनीजची खाण आहे, तशाच कांद्री, गुमगाव, पुढे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुझुर्ग. या खाणी चालवणाऱ्या मॉईल कंपनीचं मुख्यालय आपल्या नागपुरात, त्या कंपनीचं मूळ १८९६ च्या सिंडिकेटपर्यंत जातं. या खनिजाच्या आसपास जो दगड सापडतो त्याला जगभरचे भूगर्भवाले गोंडाइट म्हणतात, आपल्या गोंड लोकांवरून, फर्मर नावाच्या गोऱ्या साहेबाने ठेवलेलं नाव आहे ते. माझे एक मामा मनसरला खाणीत होते, सुट्टीत गेलो की त्यांच्या बोटांच्या रेषांत काळं भरलेलं असायचं, साबणाने जायचं नाही, आणि ते काळं म्हणजेच २५ नंबर. माझ्या नातीला २० पर्यंत पाठ आहे आणि तिच्या पणजीच्या माहेरचं २५ ला आहे.

टॉर्चचा जुना सेल लहानपणी कोणी फोडला नाही? मधे कोळशाची कांडी, भोवती काळा गाळ, आणि बाहेरची डबी. डबी जस्ताची, काळा गाळ मँगनीज डायऑक्साईडचा, सेलसाठी लागतो तो डोंगरी बुझुर्गच्या खाणीतून निघतो. म्हणजे पट्टीतला खरा आणि पट्टीतला नावाचा दोघं एकाच नळकांड्यात. भंडाऱ्याची पितळी भांडी पण तशीच, तांबं पट्टीतलं पक्कं आणि जस्त काठावरचा. बाकी मँगनीज बहुतेक पोलादात जातं. हॅडफिल्ड नावाच्या इंग्रजाने १८८२ मध्ये मँगनीज पोलाद काढलं, बारा-तेरा टक्के मँगनीज, त्याचा गुण असा की जेवढं आदळाल तेवढा त्याचा पृष्ठभाग कडक होतो, म्हणून रुळांच्या क्रॉसिंगला वापरतात. डायमंड क्रॉसिंग पाहुण्यांना कौतुकाने दाखवणाऱ्या शहराला हे माहीत असायला पाहिजे की नाही?

आणि संत्रा. माझ्या साडूची काटोलकडे बाग आहे. झाडाला डिंक्या रोग लागू नये म्हणून ते बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, दोन वेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत भिजवून मग एकत्र करायचं. तयार झालं की साडू विळ्याचं पातं मिनिटभर त्यात बुडवतात. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना टाकायचा, नाहीतर झाडाला चटका बसतो. तो तांबूस थर म्हणजे खरंखुरं तांबं, लोखंडाने इलेक्ट्रॉन दिले, तांब्याने घेतले, २६ आणि २९ मधला व्यवहार विळ्यावर दिसतो. साडू सातवी शिकलेले आहेत. पानं पिवळी पडली की झिंक सल्फेट, फेरस सल्फेट, मँगनीज सल्फेट फवारतात, दुकानातून नाव घेऊन आणतात. तुमच्या तक्त्यात त्यांनी यातलं काही शोधलं असतं तर गंधक आणि ऑक्सिजन तेवढं सापडलं असतं.

तर विनंती अशी की पुढच्या पुरवणीत तक्ता पूर्ण छापा, अठरा रकान्यांचा, दोन पानं जोडून. क्लासच्या जाहिराती एक आठवडा जरा बारीक करा. घडी नेमकी मँगनीजवर येणार नाही एवढं बघा, आणि जस्त, कॅडमियम, पारा यांना थोडा वेगळा रंग द्या, बारावीचे पोट्टे दुवा देतील.

नातीने तोपर्यंत आपल्या पुरतं निभावलंय. तुमचा तक्ता कॅल्शियमपाशी कात्रीने उभा कापला, मागच्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर चाळीस घरं पट्टीने आखली, स्केचपेनने भरली, सोन्याला सोनेरी चमकी लावली, आणि मधे चिकटवला. आता तो भिंतीवर मावत नाही, कोपऱ्यात वळून फ्रिजपर्यंत गेलाय, दार उघडलं की निऑन-आर्गॉनची बाजू दर वेळी थोडी फाटते. नवीन छापाल तो जरा जाड कागदावर छापा.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, नागपूर